घर्षण : हवे तेथे आणि नको तेथे

दळणाचे जाते आता बहुतेक घरांतून अडगळीत गेले आहे. लग्नाची हळद दळण्यापुरते ते कोठे कोठे बाहेर काढले जाते, इतकेच. तथापि या साध्या साधनात विज्ञानाचे एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. जात्याच्या दोन्ही तळ्यांचे समोरासमोरचे पृष्ठभाग खडबडीत असावे लागतात. वापराने ते गुळगुळीत झाले, की पीठ भरड येऊ लागते. मग पाथरवटाला बोलावून जात्याला टाकी लावून घेत असत. याउलट, मधल्या ज्या खिळ्यावर वरची तळी फिरते, तेथे ती अलगद फिरावी लागते. तेथे ती अडली, तर दळणाऱ्या बाईचे हात भरून येतात आणि पीठ मात्र वाढत नाही. एकाच साधनात दोन बोटांच्या अंतरावर एके ठिकाणी घर्षण हवे असते आणि दुसऱ्या ठिकाणी ते नको असते.

घर्षण आपले मित्र की शत्रू, असा प्रश्न शालेय पुस्तकांतून विचारला जातो. त्याचे खरे उत्तर जात्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. घर्षण हे स्वतः उपकारक नसते आणि अपकारकही नसते. ते कोठे आहे आणि किती आहे, यावर सारे अवलंबून असते. पुष्कळसे अपघात, इंधनाचा अपव्यय आणि यंत्रांची अकाली झीज ही घर्षणाच्या जागा सांभाळण्यात आपण केलेल्या हयगयीची फळे असतात.

घर्षण म्हणजे काय?

दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असताना त्यांतील एक दुसऱ्यावरून सरकू लागला किंवा सरकण्याचा प्रयत्न करू लागला, म्हणजे त्या हालचालीला विरोध करणारे बल निर्माण होते. या बलाला घर्षण म्हणतात. इटलीतील थोर कलावंत व संशोधक लिओनार्दो दा व्हिंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस यासंबंधीचे प्रयोग आपल्या वह्यांत नोंदवून ठेवले होते. परंतु त्या वह्या दीर्घकाळ अप्रकाशितच राहिल्या. पुढे १६९९ मध्ये फ्रान्समधील गियोम आमोंताँ याने आणि १७८५ मध्ये शार्ल कूलाँ याने घर्षणाचे नियम मांडले.

हे नियम थोडक्यात असे आहेत : घर्षण पृष्ठभागांवरील दाबाच्या प्रमाणात वाढते, भार दुप्पट झाला, की घर्षणही दुप्पट होते. वरवर दिसणाऱ्या स्पर्शाच्या क्षेत्रफळाशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणूनच वीट आडवी ठेवून ओढली काय किंवा उभी ठेवून ओढली काय, लागणारे बल जवळजवळ सारखेच असते. तिसरी गोष्ट म्हणजे, स्थिर वस्तू हलवण्यास लागणारे बल ती सरकती ठेवण्यास लागणाऱ्या बलापेक्षा बहुधा अधिक असते. धान्याने भरलेली कणगी जागची हलवताना पहिला रेटा जड जातो, तो यामुळेच. घर्षणाचे बल आणि पृष्ठभागांवरील दाब यांच्या गुणोत्तरास घर्षण गुणांक असे म्हणतात.

घर्षणाचे कारण केवळ खडबडीतपणा असे पुष्कळांना वाटते. ते अर्धसत्य होय. डोळ्यांना आरशासारखा वाटणारा धातूचा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. दोन पृष्ठभाग केवळ या शिखरांवरच एकमेकांना टेकतात आणि प्रत्यक्ष स्पर्शाची जागा अत्यंत थोडी असते. तेथील दाब एवढा मोठा असतो, की दोन्ही बाजूंचे कण एकमेकांना चिकटतात. सरकताना हे असंख्य सूक्ष्म सांधे तोडावे लागतात. त्यामुळेच अतिशय स्वच्छ आणि सपाट धातूचे दोन तुकडे, विशेषतः निर्वात जागेत, घसरण्याऐवजी एकमेकांना घट्ट धरून बसतात.

घर्षण नसते तर

घर्षण नाहीसे झाले, तर आपल्याला एक पाऊलही टाकता येणार नाही. चालताना आपण पायाने जमीन मागे रेटतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. शेवाळलेल्या फरशीवर हा व्यवहार फिसकटतो. भिंतीत खिळा राहतो, नटबोल्ट आवळलेला राहतो, दोरीची गाठ टिकते, तबल्याच्या गठ्ठ्याला ताण बसतो, ते सर्व घर्षणाच्या बळावर. कापसाचा एक तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा असतो. अशा आखूड तंतूंना पीळ दिला, की ते एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातील घर्षणामुळे मैलोगणती लांब सूत तयार होते. आपल्या अंगावरचे कापड हे अशा रीतीने घर्षणानेच एकत्र राहिलेले असते.

कोकणच्या बंदरांत नाव धक्क्याला लावताना खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देतो आणि दोराचे टोक एका हाताने धरून उभा राहतो. भरलेली नाव ओढ घेत असते, तरी त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. दोर आणि खुंट यांच्यातील घर्षण गुणांक ०.३ मानला, तर प्रत्येक वेढ्यागणिक धरून ठेवण्याची शक्ती सुमारे साडेसहा पट होते. तीन वेढ्यांत ती अडीचशे पटींहून अधिक भरते. मनुष्याच्या बळाला घर्षणाने दिलेली ही जोड होय.

अग्नीचा शोधही घर्षणाशी निगडित आहे. यज्ञकर्मातील अरणीमंथनात लाकडावर लाकूड घुसळून अग्नी उत्पन्न करतात. आजची काडेपेटी हा त्याचाच सुधारलेला अवतार म्हणता येईल. पेटीच्या कडेवरील तांबडा फॉस्फरस आणि काडीच्या टोकावरील पोटॅशियम क्लोरेट यांचा संयोग घासण्याच्या उष्णतेने पेट घेतो.

आपल्या आखाड्यांतही घर्षणाची उत्तम जाण दिसून येते. घामाने निसरडे झालेले अंग पकडीत यावे म्हणून मल्ल एकमेकांच्या अंगावर तांबडी माती टाकतात. मल्लखांबाच्या लाकडाला मात्र एरंडेल चोळले जाते, कारण तेथे अंग सहज फिरले पाहिजे, कातडी सोलवटता कामा नये. एके ठिकाणी पकड वाढवणे आणि दुसऱ्या ठिकाणी ती बेताची ठेवणे, हे तारतम्य परंपरेने अनुभवातून आत्मसात केले आहे.

पावसाळ्यातील रस्ता

घर्षणाचे सर्वांत मोठे उपकार आपण रस्त्यावर घेतो आणि सर्वांत मोठी हयगयही तेथेच करतो. धावत्या वाहनाचा रस्त्याशी संबंध येतो तो प्रत्येक चाकाखालील तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्यापुरता. वाहन वळते आणि थांबते ते तेवढ्याच जागेतील घर्षणावर.

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षण गुणांक साधारणपणे ०.७ असतो, ओल्या रस्त्यावर तो ०.४ च्या आसपास उतरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबते; ओल्या रस्त्यावर त्यास सुमारे ३५ मीटर लागतात. चालकाच्या ध्यानात धोका येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एखादा सेकंद जातो, तेवढ्यात वाहन आणखी १७ मीटर पुढे गेलेले असते. वेग ८० वर नेला, तर ओल्या रस्त्यावर थांबण्याचे एकूण अंतर ८५ मीटरच्या घरात जाते. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट न होता चौपट होते, हे प्रत्येक चालकाने पक्के लक्षात ठेवावे.

पहिल्या पावसाचा दिवस विशेष धोक्याचा असतो. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, झिजलेल्या रबराची पूड आणि धूळ यांचा पहिल्या सरींबरोबर चिकट, निसरडा थर बनतो. जोराचा पाऊस पडून रस्ता धुऊन निघेपर्यंत तो कायम राहतो. खरिपाच्या दिवसांत शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल येतो, त्यावरूनही दुचाकी घसरतात. ट्रॅक्टर रस्त्यावर घेण्यापूर्वी चाकांचा चिखल खरवडून टाकण्यास पाच-दहा मिनिटे लागतात. ती मिनिटे एखाद्या अनोळखी प्रवाशाचे प्राण वाचवू शकतात. रस्त्यावर तेल सांडल्यावर अग्निशामक दलाचे जवान माती टाकताना दिसतात, तेव्हा तेही गेलेले घर्षण परत आणण्याचेच काम करत असतात.

टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखाली येणारे पाणी बाजूला सारून रबराला रस्त्यापर्यंत पोहोचू देणे, हे त्यांचे काम. खाचा झिजल्या, की वेगात असलेले चाक पाण्याच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगू लागते. मग ब्रेक आणि सुकाणू या दोहोंचाही उपयोग होत नाही. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांनी खाचांची किमान खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ०.८ मिलिमीटर, तर इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर ठरवून दिली आहे. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही चांगला चालतो. या अनुभवावर विसंबून तो पावसाळ्यात तसाच वापरणे, म्हणजे संकटास आमंत्रण होय.

ब्रेक करकचून दाबल्यास चाक फिरायचे थांबते आणि घसरू लागते. सरकत्या पृष्ठभागांतील घर्षण तुलनेने कमी असते, हे वर सांगितलेच आहे. त्यातच घसरणारे चाक वळवूनही वळत नाही. चाक अडकू लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सैल करून पुन्हा वाढवणारी ‘एबीएस’ ही यंत्रणा नेमका हाच दोष टाळते. १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना ती १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. ज्या वाहनांत ती नाही, त्यांच्या चालकांनी ब्रेक हळूहळू आणि पुढे-मागे समतोल राखून लावणे श्रेयस्कर.

घाटाचा उतार

घर्षणाने गती नाहीशी होते, परंतु ऊर्जा नाहीशी होत नाही; ती उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. १६ टन वजनाचा भरलेला ट्रक एवढे उतरतो, तेव्हा सुमारे २२ युनिट विजेइतकी ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावीच लागते. ही सारी उष्णता पाण्याला दिली, तर अडीचशे लिटरहून अधिक पाणी उकळेल. चालकाने इंधन वाचवण्याच्या मोहाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर जवळजवळ हा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, त्यांच्या अस्तराची पकड कमी होत जाते आणि ऐन वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. ब्रेक अचानक निकामी झाले, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते माथ्यापासून हळूहळू निकामी होत आलेले असतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गतीला आवर घालते आणि ब्रेक खऱ्या प्रसंगासाठी शिल्लक राहतात.

त्याच घाटातील लोहमार्गावर प्रश्न थोडा निराळा आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक अत्यंत सहज फिरते. हाच रेल्वेचा मोठा गुण. परंतु चढावर तोच अडचणीचा ठरतो, कारण चाकाला पकड अपुरी पडते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचा चढ ३७ मीटरमागे १ मीटर इतका तीव्र आहे. म्हणून आजही कर्जतला अनेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. पावसात रूळ ओले झाले, की चालक इंजिनावरील पेटीतून चाकांपुढे वाळू सोडतो. प्रचंड शक्तीच्या विद्युत इंजिनालाही अखेर मूठभर वाळूचे साहाय्य घ्यावे लागते.

झीज आणि इंधनाचा अपव्यय

आता दुसरी बाजू पाहू. नको तेथे असलेले घर्षण शक्ती खाते, उष्णता निर्माण करते आणि यंत्राचे भाग झिजवते. एक टन वजन जमिनीवरून नुसते फरफटत न्यायचे, तर सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. तेच वजन हवा भरलेल्या चाकांवर डांबरी रस्त्याने नेण्यास १० ते १५ किलोग्रॅम, तर रुळांवरून नेण्यास अवघा एक-दोन किलोग्रॅम जोर पुरतो. सरकण्याऐवजी लोटण, हे चाकाच्या शोधाचे सार होय.

चाक आले, तरी आसाशी घासणे राहतेच. जुन्या बैलगाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे. चाक करकरू लागले, की गाडीवान गाडी थांबवून आसाला वंगण घालीत असे. ती करकर म्हणजे बैलांच्या खांद्यावर वाढलेल्या ओझ्याची सूचना असे आणि जाणता शेतकरी ती ऐकून घेत असे. पुढे रबरी टायर आणि बॉल बेअरिंग असलेल्या गाड्या आल्या. बेअरिंगमध्ये आसाभोवतीचे सरकणे जाऊन गोळ्यांचे लोटणे येते, त्यामुळे तेवढ्याच बैलांना अधिक भार ओढता येऊ लागला.

घर्षण, झीज आणि वंगण यांचा एकत्रित विचार करणारे स्वतंत्र शास्त्र १९६६ नंतर उदयास आले. त्या वर्षी पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश शासनाला अहवाल सादर केला. या विषयाकडे नीट लक्ष दिल्यास त्या देशाच्या उद्योगांची दरसाल ५१ कोटी ५० लाख पौंडांची बचत होऊ शकेल, असे तीत म्हटले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा केवळ घर्षणावर मात करण्यात खर्च होते.

वंगणाचे कार्य दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर राखून त्यांना परस्परांपासून दूर ठेवण्याचे असते. निसर्गाने आपल्या सांध्यांतही हीच योजना केली आहे. निरोगी गुडघ्यातील कूर्चा आणि द्रव यांमुळे तेथील घर्षण गुणांक ०.०१ च्या आसपास, म्हणजे अत्यल्प असतो. वंगण गेल्यास काय होते, याचे उदाहरण अंतराळातही घडले आहे. गुरू ग्रहाकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा छत्रीसारखा मोठा अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडलाच नाही. यान ट्रकने ने-आण करताना बसलेल्या हादऱ्यांत काही खिळ्यांवरचे कोरडे वंगण झिजले आणि ते खिळे जागीच अडकले, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. पुढील सर्व काम लहान अँटेनावर भागवावे लागले.

घर्षणाच्या झिजेचा आरोग्याशीही संबंध आहे. ब्रेकचे अस्तर आणि टायर झिजून सूक्ष्म कण हवेत मिसळतात. धूर न सोडणारी विद्युत वाहनेही यातून पूर्णपणे सुटत नाहीत. तथापि अशा वाहनांत वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करते आणि ब्रेकवाटे वाया जाणारी काही ऊर्जा पुन्हा विजेच्या रूपाने परत मिळते. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतही ही पद्धती वापरात आहे.

पाइपातील न दिसणारे घर्षण

शेतकरी बंधूंनी विशेष लक्ष द्यावे असे घर्षण पाइपात असते. वाहते पाणी पाइपाच्या आतल्या बाजूस घासते आणि पंपाची काही शक्ती त्यातच खर्च होते. हा तोटा पाइपाच्या व्यासावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. तेवढेच पाणी न्यायचे असेल आणि व्यास निम्मा केला, तर तोटा सुमारे ३२ पट होतो!

एक उदाहरण घेऊ. सेकंदाला ५ लिटर पाणी ३०० मीटर अंतरावर न्यायचे आहे. आतला व्यास ५८ मिलिमीटर असलेल्या गुळगुळीत पीव्हीसी पाइपात घर्षणाचा तोटा सुमारे १७ मीटर येतो. म्हणजे पाणी तेवढे जास्त उंच चढवल्यासारखे होते. आतला व्यास ७० मिलिमीटर असलेला पाइप घेतला, तर हाच तोटा सात मीटरच्या आत राहतो. विहीर तीच, पंप तोच. परंतु दहा मीटरचा चढ वाचला. गंजलेले लोखंडी पाइप, अनावश्यक कोपरे आणि कचऱ्याने तुंबलेला फूट व्हॉल्व्ह यांमुळे हा तोटा आणखी वाढतो. वीज ठरावीक तासच मिळत असेल किंवा पंप सौर ऊर्जेवर चालत असेल, तर वाचलेल्या प्रत्येक मीटरचा अर्थ तेवढ्याच वेळात शेताला मिळालेले अधिक पाणी असा होतो. म्हणून पाइप विकत घेताना केवळ आजची किंमत न पाहता, तो पुढे कित्येक वर्षे दररोज किती शक्ती खाणार आहे, याचाही हिशेब करावा.

थोडी दक्षता

घर्षणावर ताबा ठेवण्यासाठी मोठा खर्च करावा लागतो असे नाही. पावसाळ्यापूर्वी टायरच्या खाचा आणि ब्रेक तपासून घ्यावेत. टायरमधील हवा थंड अवस्थेत आठवड्यातून एकदा पाहावी. ती कमी असेल, तर इंधन जास्त लागते आणि टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो. प्रमाणाबाहेर जास्त असेल, तर रस्त्यावरची पकड घटते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलावे, सायकलच्या साखळीला तेल द्यावे. ब्रेकवर आणि टायरवर मात्र तेलाचा थेंबही पडू देऊ नये. न्हाणीघरातील व पायऱ्यांवरील शेवाळ खरवडून काढावे. घरातील वृद्ध माणसे तेथेच घसरून पडतात. पंपाचा फूट व्हॉल्व्ह हंगामापूर्वी साफ करावा.

यांपैकी कोणतेही काम अवघड नाही. यंत्राची करकर, टायरचा गुळगुळीतपणा, तापलेल्या ब्रेकचा वास, नळाची मंदावलेली धार या सर्व सूचना घर्षण आपल्याला वेळेवर देत असते. जात्याला टाकी केव्हा लावावी, हे पूर्वी घरातील बाईला पिठावरून कळत असे. तेवढीच जागरूकता आपण आपल्या वाहनांबाबत, पंपांबाबत आणि रस्त्यांबाबत दाखवली, तर पुष्कळ इंधन, पैसा आणि त्याहून मोलाचे असे अनेकांचे प्राण वाचतील.